मुलगा चिडका झालाय? दोन आठवडे नोंद ठेवा

स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या दहा लाखांहून अधिक तरुणांचा पुढे कित्येक वर्षं मागोवा घेतला गेला. भरतीवेळी मानसिक आजाराचं निदान झालेल्यांत अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. कारण केवळ आत्महत्या नव्हे. सिगारेट, दारू, अपघात, हृदयविकारही.

मुलग्यांचं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतून जास्त दिसतं, म्हणून 'वयच तसं' म्हणत सोडलं जातं. गोव्यात तर बारही हाकेच्या अंतरावर! झोप, भूक, शाळा यांची रोज नोंद ठेवा; दोन आठवडे बिघडलेलंच दिसलं तर बांबोळीचं मनोरुग्णालय गाठा, किंवा १४४१६ ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (टेली-मानस) फिरवा. फुकट, चोवीस तास. मरणाची भाषा केली तर मात्र त्याच दिवशी. नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात; बरेच जण आठवड्यातच गोळ्या सोडतात.