धोटा परत येतो, सर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून दे असं ग्रुपवर तीनदा सांगून झालं तेव्हा कुठं आज दुकान बंद करून बसलोय. मी 1994 च्या दहावीच्या बॅचचा. वडील पावरलूमवर, अम्मा घरी विड्या वळायची, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, सोलापुरात यात नवीन काय नाही म्हणा. गॅदरिंग, सहल आणि छड्यांवर बाकीचे लिहितीलच, म्हणून मी आपला विज्ञानाच्या सरांच्या प्रकाशसंश्लेषणावर लिहितो. सरांचं नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल.

आधी माझा घोटाळा सांगून टाकतो. जास्वंदीच्या पानाला काळ्या कागदाची पट्टी लावून उन्हात ठेवायचं आणि झाकलेल्या भागात स्टार्च होत नाही हे दाखवायचं, हा प्रयोग सगळ्यांनीच केलाय. पण त्याआधी कुंडी दोन दिवस अंधारात ठेवावी लागते, पानातला जुना स्टार्च संपावा म्हणून. ती कुंडी लॅबच्या मोठ्या कपाटात ठेवायची ड्यूटी माझी, आणि ते दिवस गड्ड्याच्या यात्रेचे, मी पाळण्यात बसलेलो, कुंडी व्हरांड्यात उन्हात. प्रयोगाच्या दिवशी सकाळी गुपचूप पट्टी लावली, दुपारी पान तोडलं, पाण्यात उकळलं, मग स्पिरिटच्या नळीत घालून ती नळी गरम पाण्यात उभी केली (स्पिरिट थेट बर्नरवर धरलं की भडका, हे सर दर वेळी दरडावून सांगायचे), हिरवा रंग सगळा स्पिरिटमध्ये उतरला, पान पांढरंफटक, आणि वर आयोडीनचे थेंब टाकले तर अख्खं पान निळंकाळं! पट्टीखालचंसुद्धा, म्हणजे तिथंही स्टार्च. सरांनी चिमट्यानं पान वर धरलं, सगळ्या वर्गाला दाखवलं आणि एवढंच विचारलं, "गड्ड्याला कोण गेलतं बे?"

मार नाही बसला. शिक्षा म्हणून कंबर तलावातनं हायड्रिला आणायला पाठवलं, सायकलवर, दोघंजण, परत येईपर्यंत पिशवीतलं पाणी सगळं चड्डीवर. ते शेवाळासारखं हिरवं काचेच्या पेल्यात, त्यावर उलटं नरसाळं, त्यावर पाण्यानं भरलेली नळी पालथी, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा, आणि पेला खिडकीत. पाच मिनिटांत देठाच्या तुटलेल्या टोकातनं बुडबुडे चालू, एकामागं एक, मण्यांची माळ सुटल्यासारखे. सर मध्येच वही आडवी धरायचे, बुडबुडे मंद व्हायचे, वही काढली की परत जोरात. आम्ही वेड्यासारखं मोजत बसलो. मग नळीत जमलेल्या हवेत विझत आलेली उदबत्ती घातली तर ती लखकन पेटली.

"हा ऑक्सिजन आला कुठनं?" आम्ही सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, कार्बन डायऑक्साइडमधनं. सर म्हणाले चूक, पाण्यातनं. 1941 साली अमेरिकेत रुबेन आणि कामेन यांनी जड ऑक्सिजनवालं पाणी देऊन बघितलं, तो जड ऑक्सिजन बुडबुड्यात सापडला. मला हे पटेना. ऊन पाणी कसं काय फोडतं?

मग सरांनी जे सांगितलं ते पोर्शनमध्ये नव्हतं. ऊन थेट पाणी फोडत नाही, ऊन हरितद्रव्यातला इलेक्ट्रॉन उडवतं, तिथं खड्डा पडतो, आणि तो खड्डा भरायला पान पाण्याचे इलेक्ट्रॉन ओढून घेतं, त्यात पाणी फुटतं. पाण्याचे दोन रेणू फुटले की ऑक्सिजनचा एक. उडालेला इलेक्ट्रॉन हातोहात पुढं जातो, वाटेत त्याला उन्हाचा अजून एक धक्का मिळतो. आणि इथं सर म्हणाले, "मागावरच्या धोट्यासारखा पळतो बघा." धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा.

मी उठलो. "सर, धोटा परत येतो. या बाजूनं गेला की त्या बाजूनं मार बसतो, परत येतो, तेव्हा बाणा, आडवा धागा, पडतो. तुमचा इलेक्ट्रॉन कुठं परत येतोय?" वर्गात अर्धी पोरं मागवाल्यांची, सगळे हसले. सर दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. उदाहरण चुकलं."

दुसऱ्या दिवशी सर उजनी धरणाचं उदाहरण घेऊन आले. इलेक्ट्रॉन पळताना थायलाकॉइड नावाच्या बारक्या पिशवीत प्रोटॉन कोंबत जातो, आत प्रोटॉनचं धरण भरतं, बाहेर पडायला वाट एकच, खालचं टर्बाइन, ते फिरलं की एटीपी, म्हणजे पेशीला कामाला लागणारी ऊर्जेची पुडी, तयार. साखर नंतर बनते, या एटीपीवर आणि त्या इलेक्ट्रॉनवर. म्हणजे उन्हातनं डायरेक्ट साखर नाही, मध्ये धरण आहे. उजनी सोलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही, कुठल्याही लग्नात दोन माणसं भेटली की पहिला विषय उजनी प्लसमध्ये का मायनसमध्ये, म्हणजे वापरायचं पाणी शिल्लक आहे का नाही. मला ते तेव्हाच बसलं डोक्यात आणि बसलं ते बसलंच.

आता माझी पोरगी नीटची तयारी करतेय. मी चादरी-टॉवेलचा धंदा करतो, माझा पानाशी संबंध कढीपत्त्यापुरता, पण तिची पुस्तकं रात्री चाळतो. ती म्हणाली पालकाच्या पानात ते टर्बाइन एक फेरी फिरायला 14 प्रोटॉन लागतात आणि 3 एटीपी मिळतात, मी म्हटलं वा. आणि पुढच्याच पानावर बाणांचं गोल चित्र. एक इलेक्ट्रॉन निघतो, उन्हाचा धक्का खातो, पुढं जाण्याऐवजी वळून जिथनं निघाला तिथंच परत येतो. जाता जाता धरण भरतो, एटीपी देतो, पण पाणी फुटत नाही, बुडबुडा नाही. अर्नन यांच्या ग्रुपनं 1954 मध्ये पालकाच्या हरितलवकांवर काम करून ऊन वापरून एटीपी बनतं हे दाखवलं, हा गोल रस्ता त्या कामातनंच पुढं आलेला. आणि आपली ज्वारी! तिच्या शिरांभोवतीच्या पेशींमध्ये तर पाणी फोडणारं यंत्रच कमी, तिथलं एटीपी जास्त करून याच परत येणाऱ्या रस्त्यानं. मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी रोज खातो आणि मला पत्ताच नाही. रात्री साडेअकराला मी एकटाच हसत बसलो, बायको म्हणाली काय झालं.

सकाळी सरांना फोन लावला. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, ऐकू जरा कमी येतं, त्यामुळं मी ओरडूनच सांगितलं, "सर, धोटा परत येतो! तुमचं उदाहरण अर्धं बरोबर होतं!" त्यांना आधी काही लागेना, मग मागाची आठवण दिली, मग चक्राकार मार्ग सांगितला, ज्वारी सांगितली. पलीकडं बराच वेळ शांत. मग म्हणाले, "मग तेव्हा का बसवलंस रे मला खाली?"

आणि लगेच, "बरं ते राहू दे. उजनी किती टक्के झाली?"