पिटेझरी गेटवरची सकाळ

ताडोबा सोडून नागझिराच का, हे गेला महिनाभर घरच्यांना समजावत होते. वाघ बघायचा तर ताडोबाच, हे मलाही मान्य आहे. तिथल्या मोहर्ली गेटमधून दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा वाघ दिसला. पण एका वाघिणीभोवती पंधरा-सोळा जिप्सी अडकलेल्या पाहिल्या आणि जीव गुदमरला. मेळघाटही मनात होतं. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी ते एक. पण आईचे गुडघे तो घाट आणि तो प्रवास सोसणार नाहीत.

म्हणून आज पहाटे साकोलीहून नागझिऱ्याचं पिटेझरी गेट. आत शिरलो तर वाटेवर मोहाची फुलं पडलेली, गोडसर वास. पाऊण तास काहीच नाही. मग गाईडदादांनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. रानकुत्रे! सात. तांबूस अंग, झुपकेदार काळी शेपटी. एक आमच्याकडे बघत उभा राहिला, बाकीचे शीळ घातल्यासारखा आवाज करत बांबूत शिरले. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की अजून दुखतोय.

वाघ नाही दिसला. ताडोबा, पेंच, कान्हा यांच्यामध्ये वाघांची ये-जा चालते ती या जंगलातून, त्यामुळे तो होता जवळपास, एवढं नक्की. ओल्या मातीत ताजा पंजा होता. आई वाकून बराच वेळ बघत होती.

परतताना म्हणाली, "पुढच्या वर्षी इथेच येऊ."