अर्धी वारी, ट्रकच्या केबिनमधून

आधीच सांगून टाकते, मी पंढरपूरला पोचले नाही आणि पोचायचं ठरवलंही नव्हतं. सासवड ते फलटण एवढंच, तेही मध्ये ट्रकमध्ये बसून. ग्वाल्हेरहून निघायच्या आधी लश्कर भागातल्या आमच्या गल्लीत दोन पार्ट्या पडल्या होत्या. एक म्हणे एवढा पाय दुखतो तर जातेस कशाला, आणि दुसरी म्हणे सगळं माऊलीवर सोड, चालत जा, गोळ्या आपोआप सुटतील. मला दोघींचाही राग यायचा, दुसरीचा जरा जास्तच.

माझं झालं ते थोडक्यात. झाशीकडून परत येताना राँग साइडने ट्रक आला. गाडी चालवणारा मुलगा आमच्याच गल्लीतला, तो जागच्या जागी गेला, मी मागच्या सीटवर होते म्हणून वाचले, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड घातला, हाड जुळलं. एक्सरे बघून एक डॉक्टर म्हणाले, हाड तर छान जुळलंय, आता दुखतंय ते तुमच्या मनाचं आहे. मग मी किती दिवस स्वतःलाच खोटारडी समजत होते. पुढे दुखण्याचेच स्पेशालिस्ट असतात त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी नीट सांगितलं की तीन महिन्यांच्या वर टिकलेलं दुखणं हा वेगळाच मामला असतो, जखम भरली तरी नसा आणि मेंदू धोक्याचा इशारा देतच राहतात, आणि भीती, अपुरी झोप, टेन्शन यांनी तो इशारा आणखी मोठा होतो. म्हणजे दुखणं खरंच आहे, पण दुखलं म्हणजे दर वेळी आत काही मोडतंय असं नाही. हे ऐकून मी त्यांच्या केबिनमध्येच रडले.

देवाचं म्हणाल तर देवघरात बसायचंच बंद झालं होतं. डोळे मिटले की हॉर्न ऐकू यायचा, आणि मग तो मुलगा. आणि मागायचं तरी काय? मला वाचवलंस म्हणून आभार मानले की वाटायचं त्याच्या आईने हे ऐकलं तर. काउन्सेलर ताई म्हणाल्या, मग डोळे उघडे ठेवून करा ना, पाय जमिनीवर टेकलेत ते जाणवू द्या, श्वास सावकाश सोडा. त्यांनीच सांगितलं की 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, त्यात जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ म्हणणाऱ्या माणसांचा श्वास मिनिटाला साधारण सहावर येत होता आणि हृदयाची लय सुधारत होती. म्हटलं मग आपल्या हरिपाठाने काय घोडं मारलंय.

हरिपाठ आणि आमचं ग्वाल्हेर, हे नातं जुनं आहे, आपल्याकडच्यांनाच माहीत नसतं. माऊलींच्या पालखीला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, आणि ते होते इथल्याच शिंद्यांच्या दरबारात. नोकरी सोडून साताऱ्याकडे गावी निघाले, सातपुड्यात भिल्लांनी लुटलं, गुहेत कोंडलं, तिथे ते हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले असं सांगतात. चमत्काराचा भाग राहू दे बाजूला, मला त्यातलं एवढंच भिडतं की घाबरलेल्या माणसाने तोंडपाठ असलेलं काहीतरी घट्ट धरलं, आणि सुटल्यावर घरी न जाता आळंदीला राहिला आणि माणसांना बरोबर घेऊन चालायला लागला. आळंदीच्या देवळाची पहिली पायरी त्यांच्याच नावाची. (पुण्यात उतरले तेव्हा वानवडीला शिंदे छत्रीत, म्हणजे महादजी शिंद्यांच्या स्मारकात, पण जाऊन आले. पानिपतात पाय जायबंदी झाल्यावर महादजी जन्मभर लंगडत राहिले, ते आठवलं की मला माझ्या लंगडण्याची लाज वाटत नाही.)

तर तयारी. फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं की दुखेपर्यंत चालायचं आणि मग दोन दिवस आडवं पडायचं हे करायचं नाही, घड्याळ लावून चालायचं, वेळ झाली की बरं वाटत असलं तरी बसायचं. आधी आमच्या गच्चीवर, मग फूलबागेपर्यंत, असं वाढवत नेलं. पुणे-सासवड टप्पा 32 किलोमीटरचा आणि त्यात दिवे घाट, तो आधीच यादीतून काढला. गोवा एक्सप्रेसने पुणे, तिथून बसने सासवड, आणि मामेबहिणीच्या दिंडीत घुसले. दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकरी बुवांना आधीच सांगून ठेवलं होतं, ते म्हणाले, माऊली, इथे कुणी हजेरी घेत नाही, बसावंसं वाटलं की बसा.

सासवड-जेजुरी 16, जेजुरी-वाल्हे 12, हे निभलं. टाळाच्या ठेक्यात पाऊल पडतं तेव्हा पायाकडे लक्षच जात नाही असं लोक म्हणतात, माझं जात होतं बुवा, प्रत्येक पावलाला जात होतं. पण त्याच्याशी भांडण कमी झालं होतं. अभंग म्हणताना ओळ संपते तिथे श्वास संपतो, पुढची ओळ बाकीचे घेतात तोवर आपण दम घ्यायचा, सगळा घाट आयता घातलेलाच आहे.

खरी पंचाईत वाल्हे ते लोणंद, 20 किलोमीटर. नीरेपर्यंत चालायचं, जेवायचं आणि तिथून दिंडीच्या ट्रकने पुढे, असं ठरलेलं. ट्रक! म्हणजे पायाला ट्रक हवा आणि मला ट्रक दिसला की घाम फुटतो. मामेबहीण म्हणाली, अगं चाल मग हळूहळू, पण कंबरेने पार जवाब दिला होता. शेवटी ड्रायव्हरदादांनाच सांगून टाकलं की असं असं झालंय आणि मला हॉर्न सहन होत नाही. साधा माणूस, डोकं खाजवत म्हणाला, माऊली, एवढ्या गर्दीत हॉर्न न मारता गाडी कशी काढू? मग स्वतःच म्हणाला, तुम्ही पुढं माझ्या शेजारी बसा, वाजवायच्या आधी सांगत जातो. आणि खरंच, लोणंदपर्यंत दर वेळी, “माऊली, वाजवतो हं.” मी सीटची कड धरून विठ्ठल म्हणत श्वास सोडायचे. पहिल्या दोन-तीन वेळा हात थरथरत होते, नंतर नंतर मी स्वतःच, दादा समोर टेम्पो आहे, वाजवा! माऊलींच्या पादुकांना नीरा नदीत घालतात ते नीरास्नान हुकलं त्या नादात, त्याची चुटपुट आहे. काउन्सेलर ताईंना नंतर सांगितलं तर हसल्या, म्हणाल्या, हेच आम्ही पायरीपायरीने करतो, पण ठरवून आणि सोबत कुणीतरी जाणकार असताना, तेव्हा उद्या उठून एकटी हायवेवर जाऊन उभी राहू नका.

लोणंदला राहुटीत पोचले तर एक आजीबाई आल्या, ओळख ना पाळख, तेलाची बाटली काढली आणि पाय इकडे कर म्हणाल्या. मी संकोचले, आजी तुम्ही मोठ्या, तुम्ही कसं. तर म्हणाल्या, तुझा कुठंय हा पाय, माऊलींचा हाय, गप बस. वारीत रस्ताभर मालिश करणारे, चपला शिवून देणारे, औषधांचे कॅम्प, सगळं असतं आणि ते घेताना कुणाला आपली भक्ती कमी पडली असं वाटत नाही. मीही त्या रात्री आजींच्या देखत माझी झोपायची गोळी घेतली.

संध्याकाळची समाज आरती मात्र चुकवू नका. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, वर करतात आणि एवढा मोठा समाज एका क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवत राहते. तिला कुणी दटावत नाही, चोपदार तिच्यापाशी जाऊन काय झालं ते विचारतात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. माझा पाय म्हणजे तसलीच एक दिंडी आहे असं मला तेव्हापासून वाटतं, इतकी वर्षं मी नुसतंच गप्प बस म्हणत होते.

तरडगावच्या आधी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघितलं, वारकरी दोन्ही बाजूंना उभे आणि मधून माऊलींचा घोडा धावतो ते, घोडा अगदी जवळून गेला. फलटणला थांबले, दोन दिवस झोपले आणि परतीची गाडी धरली.

घरी आल्यावर प्रसाद घेऊन त्या मुलाच्या आईकडे गेले. इतक्या वर्षांत गेले नव्हते. ती आधी बोललीच नाही, मग अपघाताचं सगळं विचारलं, शेवटी तो काय बोलत होता ते विचारलं, मी आठवत होतं तेवढं सांगितलं. त्या रात्री पाय फार दुखला. दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून दहाच मिनिटं चालले.

पुढच्या वर्षी फलटणपासून पुढे जायचा विचार आहे. बरडपर्यंत 18 आहे ते अर्धं चालून होईल, पण बरड ते नातेपुते 21 आणि ऊन असलं तर अवघड वाटतंय. जाऊन आलेल्यांनी एवढं सांगा की दुपारच्या जेवणाआधी बसायला सावली कुठे कुठे मिळते, आणि तिथून ट्रक किती वाजता निघतात.