अग्रवादी हजर आहे

सहावी ब मध्ये माझं कर्कटक चोरीला गेलं. संशयित माझ्याच बाकावर बसायचा. दोन दिवस मी मराठीच्या सरांच्या मागे भुणभुण लावली आणि तिसऱ्या दिवशी भोकाडच पसरलं. सरांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "ही तक्रार समजू की फिर्याद?"

मला कर्कटक हवं होतं, शब्दार्थ नको होते. पण सरांकडून एकाशिवाय दुसरं मिळत नसे. तक्रार अरबीतून आली, मूळ अर्थ तेच ते पुन्हा करणं. फिर्याद फारसीतली, म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. "कालपर्यंत तू तक्रारदार होतास," सर म्हणाले, "आज फिर्यादी झालास. बोल."

सुट्टीत सर भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद वाचत बसायचे. त्यामुळे खटला मराठेशाहीतल्या रीतीने चालला. फळ्यावर दोन शब्द लिहिले गेले: अग्रवादी आणि पश्चिमवादी. आधी बोलतो तो अग्रवादी, त्याला उत्तर देतो तो पश्चिमवादी. इथे पश्चिम म्हणजे मागचा, दिशेशी संबंध नाही. मग कळलं की त्या काळी हरणारा ‘गुन्हेगारी’ नावाचा दंड भरायचा आणि जिंकणाराही हरकी नावाची रक्कम सरकारात जमा करायचा. माझ्या खिशात गोळ्यांपुरते पैसे होते. मी खटला काढून घेतला. सर पोट धरून हसले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं कर्कटक मला देऊन टाकलं.

आता शिवाजीनगर कोर्टात वकिली करतो. मध्यंतरी मंगळसूत्र हिसकावलं गेलेल्या एक आजी आल्या होत्या. कागदावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ वाचून त्या चिडल्याच. "मंगळसूत्र माझं, पोलिसात गेले मी, आणि केस सरकारची? मी मग कोण?" त्यांना सांगितलं, आजी, गुन्हा हा राज्याविरुद्ध मानतात, म्हणून खटला सरकार चालवतं, तुम्ही फिर्यादी, पण कोर्टात उभ्या राहाल त्या साक्षीदार म्हणून. त्यांना ते पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटत नाही. टाहो ज्याचा, त्याचं नाव मथळ्यात नाही! 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली आणि प्रथम खबरीचं, म्हणजे एफआयआरचं, कलम 154 जाऊन 173 आलं, आमची जीभ अजून जुन्यावरच घसरते. ठाण्यातल्या कागदावर शब्द मात्र तोच, फिर्यादी.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला आजही ‘अग्रवादी’ म्हणतात. गेल्या महिन्यात तिथेच पश्चिमवादीने कबुली दिली: कर्कटक त्यानेच घेतलं होतं, त्याच्याकडे अजून आहे, वर्गाच्या स्नेहमेळाव्याला घेऊन येतोय. साध्या चोरीची दखल घ्यायला कोर्टाला मुदत 3 वर्षांची, ती केव्हाच टळली. पण हरकीची रक्कम मी खिशात ठेवली आहे.