सगळे स्टॉप ओढायलाच हवेत का?

परवा पंचवटीत एका घरी नाट्यसंगीताची बैठक होती, मी ऑर्गनच्या साथीला. म्हणजे आपला नाटकातला, पायाने भाता मारायचा ऑर्गन, चर्चमधला पाइपवाला नाही. गाणाऱ्या ताईंचा आवाज बारीक, पट्टी काळी पाच, पद संथ, म्हणून मी खर्जाचा स्टॉप (स्टॉप म्हणजे ओढली की सुरांचा एक संच उघडणारी खुंटी, खर्ज हा खालच्या सप्तकाचा संच) बंद ठेवला आणि नुसता नर, म्हणजे मधल्या सप्तकाचा, उघडला. पद संपल्यावर आमचे एक ज्येष्ठ काका (ज्यांच्याकडून मी खरंच खूप शिकलेय) म्हणाले, "अगं, नाट्यपद आहे ना? ऑर्गन भरदार पाहिजे, सगळे स्टॉप ओढायचे."

गंगापूर रोडला घरी येईपर्यंत तेच डोक्यात. काकांचं म्हणणं उगाच नाहीये. गंधर्व नाटक मंडळी निघाली १९१३ला, तेव्हा नाटकाला माइक कुठला, शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोचवायचा तर ऑर्गन भरूनच वाजायला हवा. पण परवा तीस माणसं दिवाणखान्यात, वर माझ्या ऑर्गनपुढे माइक! खर्ज आणि नर दोन्ही उघडले की ठरलेले सूर इतके दाट होतात की ताई मींड घेताना (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना) दोन सुरांच्या मधली जी नाजूक जागा दाखवतात ती दबून जाते, आणि मला तर त्या पदात तीच जागा सगळ्यात जास्त आवडते. पुढच्या द्रुत पदाला मी खर्ज ओढला होता की, तिथे तो हवाच होता.

पाइप ऑर्गनवाल्यांमध्येही हाच वाद चालतो. तिथे स्टॉप म्हणजे पाइपांची एक रांग (काही स्टॉपला जास्त), आणि त्यावर आकडा असतो. ८ फुटी म्हणजे लिहिलेला तोच सूर, १६ फुटी एक सप्तक खाली, ४ फुटी एक सप्तक वर. आपले नर, खर्ज, मादीच झाले ना! फ्रान्समध्ये संगीतकार कुपरँने १६९०मध्ये ऑर्गनच्या रचना काढल्या, त्यातल्या कित्येकांच्या नावातच कुठला स्टॉप लावायचा ते सांगितलंय. जर्मन संगीतकार बाखने मात्र बहुतेक ठिकाणी काही लिहिलंच नाही, त्यामुळे मोठा फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येते अशी रचना) सुरू केल्यावर मध्येच स्टॉप बदलावा की सुरुवातीचा भरदार आवाज शेवटपर्यंत ठेवावा यावर वाजवणारे अजून भांडतात. शिवाय प्रत्येक ऑर्गन वेगळा, प्रत्येक इमारतीचा घुमारा वेगळा, त्यामुळे नाव दिलेलं असलं तरी शेवटी कान लावून ठरवावंच लागतं.

मला रीत मोडायची हौस नाही. साथीला बसलेय, गाणाऱ्याचा गळा ऐकू आला पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

येत्या रविवारी परत बैठक आहे. काकांना सांगणारेय, तुम्ही ताईंच्या समोर बसा, तेच पद मी एकदा सगळे स्टॉप ओढून वाजवते, एकदा नुसत्या नरावर, तुम्ही डोळे मिटून ताईंची मींड ऐका.