आमची वाटचाल : ‘एजंट क्षमस्व’ ते लिस्टिंग

पुण्यात जागांच्या व्यवहारात असलेल्या कुणालाही ‘एजंट क्षमस्व’, म्हणजे एजंटांनी फोन करू नये, हे दोन शब्द नवे नाहीत. छोट्या जाहिरातींच्या पानावर जागा विकणारा, भाड्याने देणारा, भाड्याने मागणारा, सगळे शेवटी हेच छापायचे. टिळक रोडवरच्या एका जाहिरात एजन्सीच्या काउंटरवर मी नोकरीला होते, त्यामुळे हे शब्द मी कितीदा लिहून घेतले असतील त्याची गणती नाही. शब्दांवर पैसे लागत, तरी या दोन शब्दांचे पैसे मालक आनंदाने मोजत. आणि रविवारी अंक घरात पडला की त्यांना पहिला फोन एजंटचाच जाई. पुढे त्याच एजंटाकडून जागा विकलीही जाई. धंद्याला नावं ठेवायची आणि काम मात्र त्याच्याकडूनच करून घ्यायचं, ही आपल्याकडची जुनी रीत.

रविवारच्या अंकासाठी मजकूर द्यायला एजंट लोक आदल्या दोन-तीन दिवसांत काउंटरवर गर्दी करत. ‘कोथरूड, २ बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट, पार्किंग, ताबडतोब ताबा’ एवढ्यात त्यांचं काम भागे. ही कलाच होती, आणि पुढे तीच त्यांना नडली. नाइन्टीनाइन एकर्स हे जागांच्या जाहिरातींचं ऑनलाइन पोर्टल २००५ साली आलं, तसंच मॅजिकब्रिक्स पुढच्या वर्षी. तिथे लिहायला हवी तेवढी जागा, फोटोंना जागा, नकाशावर खूण करायची सोय. आमची मंडळी मात्र तिथेही शब्दांचे पैसे पडत असल्यासारखी लिहायची. ‘प्राइम लोकेशन, व्ह्यू छान, फोन करा.’ फोटो नाही. मजला नाही. क्षेत्रफळाच्या चौकटीत मनाला येईल तो आकडा. पोर्टलवर जाहिराती टाकायच्या पॅकेजचे पैसे भरून वर्षभर तक्रार एकच, ‘मॅडम, ऑनलाइनला काही अर्थ नाही हो.’

अर्थ होता, पण तो भरायला कुणाला वेळ नव्हता. म्हणून २०११ मध्ये मी नोकरी सोडली आणि हे काम सुरू केलं. मी, माझा भाचा, त्याचा सेकंडहँड कॅमेरा आणि सदाशिव पेठेतली एक दहा बाय बाराची खोली. एजंटांच्या जागा आम्ही जाऊन बघायच्या, मोजायच्या, फोटो काढायचे, लिस्टिंग, म्हणजे पोर्टलवरची जाहिरात, लिहायचं, येणारे लीड, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चौकशा, नोंदवायचे आणि जागा गेली की त्याच दिवशी लिस्टिंग उतरवायचं. शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. ते आजही बहुतेक जण करत नाहीत.

पहिले ग्राहक म्हणजे आमचे काका. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. बँकेतून व्हीआरएस घेऊन त्यांनी सिंहगड रोडला एजन्सी थाटली होती. आनंदनगरपासून धायरीपर्यंतची एकही इमारत त्यांना ठाऊक नाही असं नव्हतं. कॉम्प्युटरला ते हात लावत नसत, पण त्यांची एक लांबडी खातेवही होती. तिच्यात प्रत्येक जागेला एक पान. विंग, मजला, दिशा, कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र), पार्किंग झाकलेलं की उघडं, मेंटेनन्स किती, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आलंय का, सोसायटी रजिस्टर झाली का, कन्व्हेयन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली का. आणि लाल शाईने एक रकाना, ‘पाणी’. कॉर्पोरेशनचं की टँकरचं, आणि टँकरचं असेल तर उन्हाळ्यात महिन्याला माणशी किती पडतं. काका म्हणायचे, ‘जलतरण तलाव विचारणारा गिऱ्हाईक घेत नाही, पाणी विचारणारा घेतो.’ आमचा लिस्टिंगचा फॉर्म आजही त्या वहीवरून बेतलेला आहे. पोर्टलवर पाण्याचा असा रकाना नव्हता, तर आम्ही वर्णनाची पहिलीच ओळ पाण्याची लिहायचो.

आता जरा हत्यारांविषयी. सुरुवातीला पाच मीटरचा स्टीलचा टेप होता. एक टोक भाच्याने धरायचं, दुसरं मी. पुढे लेझरचा आला आणि एकट्याने काम होऊ लागलं. मालक घरात असले की ते लेझर बघूनच जरा नरमतात. टेप नसेल तेव्हा टाइल्स मोजायच्या. व्हिट्रिफाइड टाइल बहुधा दोन बाय दोन फुटांची, म्हणजे भिंतीपर्यंत सहा टाइल्स आल्या की बारा फूट. ही मोजणी मी कित्येक मालकांसमोर बोलत बोलत केली आहे आणि त्यांचा ‘मॅडम, साडेतेरा आहे’ हा दावा जागेवरच मोडला आहे. करारनाम्यात क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. त्याला १०.७६४ ने गुणा. ६३.२ चौरस मीटर म्हणजे ६८० चौरस फूट. हाच फ्लॅट ९२० म्हणून टाकला की पोर्टलवर चौरस फुटाचा दर स्वस्त दिसतो, फोन येतात, माणसं येतात, हॉलमध्ये उभी राहतात आणि जिना उतरून जातात. ती पुन्हा तुमचा फोन उचलत नाहीत. रेरा या जागांच्या व्यवहारांवरच्या कायद्यात कार्पेटची व्याख्या आहे. आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरायची नाही. तीच पाळा. बाल्कनी वेगळी लिहा, लोकांना ती हवीच असते.

कॅमेऱ्याचंही तसंच. फार वाइड लेन्स लावली की दहा बाय दहाची बेडरूम मंगल कार्यालयासारखी दिसते. आम्ही कोपऱ्यात, छातीच्या उंचीवर ट्रायपॉड लावतो, सगळे दिवे लावतो, पडदे उघडतो, दोरीवरचे कपडे काढायला लावतो आणि कमोडचं झाकण बंद करतो. फोटो आडवेच. पहिला हॉलचा, देवाच्या तसबिरीचा नव्हे.

२०१२ ते २०१६ बरी गेली. नोटाबंदीनंतर काही महिने रिसेल, म्हणजे जुन्या जागांची फेरविक्री, थंडावला. १ मे २०१७ ला रेरा पूर्ण लागू झाला, एजंटांना नोंदणी सक्तीची झाली, त्यांचे अर्ज भरून देण्याचंही काम आमच्याकडे आलं. ते वर्ष चांगलं होतं. आणि त्याच वर्षी आमच्याकडे एक मुलगा कामाला लागला.

हुशार होता, बोलण्यात तर आमच्या सगळ्यांच्या पुढे. सात-आठ महिने आमच्याकडे शिकला, सगळ्या ग्राहकांकडे जाऊन आला आणि मग दोन गल्ल्या सोडून स्वतःचं ऑफिस काढलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. धंदा कुणीही करावा. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. त्याने आमच्या ग्राहकांना ‘महिन्याला शंभर लीड, गॅरंटी’ असं सांगायला सुरुवात केली. आम्ही पंधरा-वीस लीड देत होतो. एजंट माणूस आकड्याला भुलतो. एकेक करून निम्म्याहून जास्त ग्राहक गेले.

शंभर लीड कसे येतात हे आम्हाला दोन दिवसांत कळलं. कोथरूडच्या नावाजलेल्या सोसायटीतला नसलेला टू बीएचके, बाजारभावापेक्षा दहा-पंधरा लाखांनी कमी किमतीला टाकायचा. फोन वाजतच राहतो. ‘अरेरे, तो कालच गेला बघा, पण वारज्यात एक आहे.’ एजंट मंडळींनो, तुमच्यापैकी प्रत्येकाने हे बघितलंय आणि काहींनी केलंही असेल. आणि त्या नसलेल्या फ्लॅटला फोटो कुठले? आमचे! आनंदनगरमधल्या एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये आरशाचं वॉर्डरोब होतं. आमच्या एका फोटोत त्या आरशात ट्रायपॉडमागे वाकलेला भाचा दिसतो, निळा चौकड्यांचा शर्ट. तो शर्ट आम्हाला कोथरूडला दिसला, बाणेरला दिसला आणि एकदा थेट खराडीला. भाचा म्हणाला, ‘मावशी, मी तीन ठिकाणी राहतोय.’ मला मात्र हसू आलं नाही.

हे फोटो ज्या पोर्टलवर होते, त्याच्याकडे तक्रार केली. तक्रार क्रमांक मिळाला, आणि काही दिवसांनी ‘तुमच्या शंकेचं निरसन झालं आहे’ असा मेल आला. कुणाचं निरसन झालं, देव जाणे. पुन्हा लिहिलं, पुरावा म्हणून दोन्ही लिस्टिंग शेजारी-शेजारी जोडली. त्यांच्या विक्री विभागातला एकजण फोनवर समजुतीने म्हणाला, ‘मॅडम, ते आमचे मोठे कस्टमर आहेत, जरा समजून घ्या.’ मी समजून घेतलं आणि फोन ठेवला. आजही ते पोर्टल आम्ही ग्राहकांना सुचवत नाही. कारण विचारलं तर तोंडी सांगते.

२०१८ ची दिवाळी वाईट गेली. ऑफिसचं भाडं थकलं, कामावरच्या दोन मुलींचे पगार देण्यासाठी माझ्या पाटल्या पतपेढीत गेल्या. भाच्याने लग्नाचे फोटो काढायला सुरुवात केली. मी जुन्या काउंटरवर पुन्हा जागा आहे का, अशी चौकशीही केली होती. पण छोट्या जाहिराती तोपर्यंत इतक्या आटल्या होत्या की तिथे होती तीच माणसं जास्त झाली होती.

काका तेवढे गेले नव्हते. त्यांच्याकडेही तो शंभर लीडवाला येऊन गेला होता. काकांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, ‘शंभर लोकांना मी दाखवू काय? माझ्याकडे जागा अकरा.’ मग एका सकाळी आमच्या ऑफिसात येऊन पुढच्या पूर्ण वर्षाच्या फीचा चेक टेबलावर ठेवला. मी नको म्हणाले. ते म्हणाले, ‘उपकार नाही करत. माझे फोटो या पोरानेच काढायचे, लग्नं बिग्नं बंद कर म्हणावं.’

चक्र फिरलं ते फोन कुणाचा हे दाखवणाऱ्या ट्रूकॉलर ॲपमुळे. फसलेली गिऱ्हाइकं रागाने नंबर स्पॅम म्हणून नोंदवू लागली. बोर्डांवर, कार्डांवर, गाडीच्या मागच्या काचेवर वर्षानुवर्षं रंगवलेला एजंटचा नंबर, त्यावरून मालकाला फोन गेला की समोर लाल पडदा आणि ‘फ्रॉड ब्रोकर’. मालक फोन उचलीनात. जागा मिळेना. लीड शंभर, व्यवहार शून्य. २०१९ च्या पावसाळ्यात एकेक जण आमच्याकडे परत यायला लागला. काहींनी आधी जिन्यातूनच डोकावून मी आहे का बघितलं. मी सगळ्यांना घेतलं, पण फी पूर्वीची ठेवली नाही. हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

तो मुलगा आता हॉटेलांत हॉल घेऊन ‘डिजिटल रिअल इस्टेट’वर व्याख्यानं देतो. प्रवेश फी बरीच आहे म्हणतात. त्याच्या सादरीकरणातही निळा शर्ट असल्याचं एकाने मला सांगितलं. मी खात्री करायला गेले नाही.

पुढचं थोडक्यात. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर व्हिडिओ काढून जागा दाखवायला शिकलो. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० सरकारने मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सवलत दिली, त्या चार महिन्यांत आम्हाला जेवायला वेळ नव्हता. १ ऑगस्ट २०२३ पासून नव्या प्रकल्पांच्या जाहिरातींत महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो कोड मोबाइलने वाचला की प्रकल्पाची नोंदणी समोर येते, त्यामुळे नसलेली इमारत विकणं जरा अवघड झालं. रिसेलला अजून असं काही नाही, म्हणून तिथे नसलेले फ्लॅट अजून विकले जातात. १ जानेवारी २०२४ पासून एजंटांना महारेराचं प्रमाणपत्रही लागतं, त्यासाठी परीक्षा असते. काकांनी सत्तरी ओलांडल्यावर ती दिली आणि पास झाले. पेढे घेऊन आले तेव्हा तक्रार एवढीच, की पेपरात पाण्यावर एकही प्रश्न नव्हता.

आता कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. किंमत ७०.५ लाख लिहू नका. शोधणारा बजेट ७० लाखांपर्यंत लावतो, त्याच्या यादीत तुम्ही दिसतच नाही. मालकाशी आधी बोला आणि ७० म्हणा, नाहीतर सरळ ७२ म्हणा. नकाशावरची खूण इमारतीवरच करा. आंबेगावचा फ्लॅट कात्रज चौकात टाकून फायदा नाही, माणूस शेवटी गाडी घेऊन येणारच आहे. त्याला नवले पुलावर सकाळी नऊला किती वेळ जातो ते आधीच लिहा. मालकाची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरचा ‘हो’ही चालेल, पण जपून ठेवा. लीड आलं की लगेच फोन करा. संध्याकाळी निवांत करतो म्हणणाऱ्याच्या आधी तिघांनी केलेला असतो. भाड्याच्या जागेत ‘फक्त फॅमिली’ किंवा ‘बॅचलर चालतील’ हे वर्णनात स्पष्ट लिहा, म्हणजे दारात उभं राहून कुणाचा अपमान होत नाही.

आणि पॅकेज महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कधीही घेऊ नका. शेवटच्या दोन दिवसांत विक्रीवाल्याचं टार्गेट अडलेलं असतं, तेव्हा तोच दर कमी होतो आणि वर काही लिस्टिंग फुकट मिळतात. घासाघीस जमत नसेल तर त्याला आमच्या ऑफिसात पाठवा. रविवारी आम्ही असतोच, साइट व्हिजिटचा दिवस तो. सुट्टी सोमवारी.