जिप्सी डागडुजी: बेल हाउसिंगखालचं ऑइल वरून येत होतं

पावसाळा लागायच्या आत जिप्सीची ऑइल गळती बंद करायची, एवढंच या खेपेचं काम होतं. गाडी 1994 ची एमजी410डब्ल्यू. म्हणजे 970 सीसीचं एफ10ए इंजिन, कार्ब्युरेटर आणि चार गिअर. डिसेंबर 1985 मध्ये मारुतीने जिप्सी आणली ती याच इंजिनावर, आणि 1996 मध्ये 1.3 लिटरची जिप्सी किंग आली. तेव्हा जुनी जिप्सी बाळगणाऱ्यांना यातलं बरंचसं थेट उपयोगी पडेल.

गळती दिसायची ती इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, अगदी तळाला. रात्री खाली पुठ्ठा सरकवून ठेवला की सकाळी त्यावर डाग ठरलेला. या जागी ऑइल दिसलं की गॅरेजमधलं उत्तरही ठरलेलं असतं: क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवा. मलाही तेच सांगितलं गेलं. जिप्सीत हे काम त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी, वेगळी असते, मधल्या छोट्या शाफ्टने जोडलेली. तो शाफ्ट सोडवला की ती जागेवर राहते आणि गिअरबॉक्स एकटा खाली येतो. तरीही पुरावा हातात नसताना गिअरबॉक्स उतरवायला माझं मन तयार होईना.

आधी ऑइल कुठलं आहे ते पाहिलं. गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलं तरी थेंब याच जागी पडतो. बोटावर घेऊन वास घेतला. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि तो चुकूच शकत नाही. इथे तसं काही नव्हतं. रंग काळपट, डिपस्टिकवर दिसतो तसाच. म्हणजे ऑइल इंजिनाचंच.

मग धुलाई. डिझेल आणि जुना ब्रश घेऊन ब्लॉकची मागची बाजू, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) आणि चेंबरची (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याची) कड खरवडून काढली, वरून ब्रेक क्लीनर मारून कोरडी केली. ही पायरी गाळून कुणी गळती शोधू नये असं माझं ठाम मत आहे. वर्षानुवर्षांच्या चिकट थरात ऑइल कुठून निघालं ते कळायला मार्गच नसतो. सुकल्यावर हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या टोकापासून खालपर्यंत साधी टाल्कम पावडर फुंकून बसवली. इंजिन गरम होईपर्यंत चालवलं, एक छोटी चक्कर मारली आणि आरसा, टॉर्च घेऊन बसलो.

पावडरीवर ओली रेघ उमटली होती. ती सुरू होत होती पार वर, डिस्ट्रिब्युटरच्या (स्पार्क प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) बुडाशी. तिथून हेडच्या मागच्या अंगाने उतरून बेल हाउसिंगच्या सांध्यावर पसरत होती आणि सांधा धरून तळाला जात होती. खात्रीसाठी बेल हाउसिंगवरची, टायमिंग पाहायची रबरी बुचाची खिडकी उघडली. आत फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं जड चाक, कोरडं ठणठणीत. मागचं सील गळत असतं तर फ्लायव्हीलने ऑइल आतल्या आत उडवलं असतं, आणि एव्हाना क्लचही घसरायला लागला असता.

एफ10ए मध्ये डिस्ट्रिब्युटर हेडच्या मागच्या टोकाला एका छोट्या गिअर केसमध्ये बसतो आणि कॅमशाफ्टवरच्या गिअरने फिरतो. त्या केसमध्ये सतत ऑइल असतं. बाहेर यायला त्याला दोन वाटा: डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावरची ओ-रिंग आणि केस व हेडमधलं पॅकिंग. डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी पहिला सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणला, रोटरचं, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं, तोंड कुठे आहे ते खुणावलं, बॉडी आणि केसवर एकच रेघ मारून घेतली. गिअरचे दात तिरके असल्यामुळे बाहेर ओढताना रोटर थोडा फिरतो, म्हणून पूर्ण बाहेर आल्यावरची जागाही खुणावून ठेवली. बसवताना याच दुसऱ्या खुणेपासून सुरुवात करायची.

जुनी ओ-रिंग टोकदार आकड्याने उचलली तर शिळ्या शेवेसारखी तुटून आली. एक तुकडा बोटांत धरून पाहिला: कधीकाळी गोल असलेलं रबर दोन्ही अंगांनी चपटं झालेलं, बाहेरच्या बाजूला बारीक भेगा. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कोपऱ्यात उष्णता कोंडते, तिथे साधं नायट्राइल रबर कडक होत जातं. नाना पेठेत त्याच मापाची व्हायटॉनची मिळाली. किंमत किरकोळच, पण उष्णता कितीतरी जास्त सोसते. केस खोललीच होती, तेव्हा पॅकिंगही नवं घातलं. सिलिकॉन लावायचंच तर अगदी पातळ. जास्तीचं दाबून आत गेलं की सुटून चेंबरमध्ये पडतं आणि ऑइल पंपाची जाळी तुंबवू शकतं. केस बंद करताना आत थोडं नवं ऑइल ओतलं, म्हणजे पहिल्या स्टार्टला गिअर कोरडे फिरत नाहीत. शेवटी बेल हाउसिंगवरच्या त्याच खिडकीतून टायमिंग लाइट मारून ठिणगीचं टायमिंग जुळवलं.

ओ-रिंग बदलून थांबलो नाही. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारा) काढला, तर आत काळा लगदा. श्वास कोंडला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि जे सील सगळ्यात कमजोर असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. नवी ओ-रिंगही त्यापुढे फार टिकली नसती. पाइप बदलला, कव्हरचं पॅकिंगही बदलून घेतलं. ते बोल्ट ताकद लावून आवळू नका. पॅकिंग चेपून बाहेर येतं आणि गळती उलट वाढते.

त्यानंतर ताम्हिणी घाटात दगडांच्या चढावर, लो रेंजमध्ये गाडी बराच वेळ तापवून आणली. हेडच्या मागे कोरडं, बेल हाउसिंगखाली कोरडं, पुठ्ठा स्वच्छ.

एक जागा अजून ओलसर आहे. पुढे, क्रँक पुलीच्या मागे हलकी ओल दिसते. थेंब पडत नाही, पण त्या सीलच्या शेजारी टायमिंग बेल्ट आहे आणि ऑइल लागलं की बेल्टचं आयुष्य घटतं. पुढचं क्रँक सील, कॅमचं सील आणि बेल्ट आणून ठेवलेत. तिन्ही एकाच वेळी बदलणार, कारण खोलाखोल तीच आहे.